येत नाही ते सोडायचं

नियमाची बातमी आली तो गुरुवार होता. निमकर सर वर्गात आले. त्यांनी फळा पुसला आणि फळ्यावर दोनचा आकडा काढला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. मग सरांनी सांगितलं की यापुढे जेईईला दोनदाच बसता येईल: बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी. एका मुलाने विचारलं, "आणि नंतर?" सर म्हणाले, "नंतर नाही." मग तास झाला.

या अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा 'धंदा' हा शब्द मला जरा लागला. निमकर सर असते तर म्हणाले असते, "मग काय, आपण आश्रम चालवत होतो का देवधर बाई?" सर गेल्या जानेवारीत गेले. तेव्हापासून माझं एका जागी बसणं होत नाही. एक परिच्छेद लिहिते, उठते, कुंड्यांना पाणी घालते, सकाळी घातलेलं असलं तरी घालते, आणि परत येते. लेख तुटक वाटला तर त्याचं कारण हे आहे.

मी गणित शिकवत असे, सर रसायनशास्त्र. भौतिकशास्त्राचे शिक्षक येत-जात राहिले. आम्ही दोघं आधी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात होतो. नव्वदनंतर पालकांची भाषा बदलायला लागली. तोवर हुशार मुलाला बँकेत किंवा सरकारी खात्यात चिकटवण्याची स्वप्नं असत. आता शिक्षकांच्या खोलीत येऊन लोक विचारायला लागले, कंप्युटरला कुठे मिळेल, त्याला किती लागतात. गावोगावी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली होती. पण सगळ्यांच्या वर ती एक परीक्षा होती, जेईई, केंद्र सरकारच्या मोठ्या संस्थांची, आणि ती कशी द्यायची हे पुण्यात फार थोड्यांना माहीत होतं. आम्हालाही नव्हतं. सरांनी नोकरी सोडली, मागोमाग मी सोडली. माझ्या घरी त्यानंतर काही दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त वाढण्यापुरतं बोलणं झालं.

क्लास कसबा पेठेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली तांब्याची भांडी विकायची आणि मागच्या बाजूला ती ठोकायची जागा. सकाळपासून ठोके सुरू असत. नव्या मुलाला सुरुवातीला शिकवलेलं ऐकू यायचं नाही, मग हळूहळू ठोके ऐकू येईनासे व्हायचे. आमची मुलं परीक्षा देऊन आली की तक्रार करायची, "मॅडम, हॉलमध्ये फार शांत होतं. सुचेचना." सर म्हणायचे, "पुढच्या खेपेला खालच्या मंडळींना बरोबर न्या."

आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहो केलं. ते भावाच्या कुटुंबात राहत, लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या घरी मी मोजक्या वेळा गेले असेन. लोक आता विचारतात, निमकर तुमचे कोण? सहकारी, असं मी सांगते. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं, एवढी वर्षं एकाच फळ्यावर. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

दोनचा नियम येण्यापूर्वीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या गुरुवारी काय झालं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्याआधी वयात बसत असेल तोवर मुलगा कितीही वेळा ही परीक्षा देऊ शकत असे. बारावी झाली, जमलं नाही, की वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी. त्याला आमच्याकडे 'ड्रॉप घेणं' म्हणतात. आमच्याकडे मिलिंद नावाचा एक मुलगा इतक्या वेळा ड्रॉप घेऊन बसला की नवी मुलं त्याला मिलिंदकाका म्हणायची. त्याला मिशी होती. मी वर्गात नसले की तोच फळ्यावर उदाहरणं सोडवून दाखवी, आणि माझ्यापेक्षा चांगली. परीक्षेत मात्र तो सगळेच प्रश्न सोडवायला जाई. आज तो एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर गुरुपौर्णिमेला फोन करतो. फोनवर अजून पहिलं वाक्य तेच: "मॅडम, एकदा अजून बसलो असतो तर झालं असतं."

सर याच मिलिंदमुळे शिकले की नुसतं जास्त शिकवून भागत नाही. या परीक्षेत उत्तर चुकलं की मिळालेले गुणही कापले जातात. सगळं सोडवायला जाणारा हुशार मुलगा खाली येतो आणि नेमकं तेवढंच सोडवणारा मध्यम मुलगा वर जातो. तेव्हा त्यांनी शनिवारच्या चाचणीला एक पद्धत सुरू केली. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. प्रश्नपत्रिका वाटली की सर तो डबा घेऊन बाकाबाकांमधून फिरत आणि प्रत्येकाने आपलं पेन त्यात टाकायचं. डबा टेबलावर. सुरुवातीची काही मिनिटं पेनच नाही. फक्त वाचायचं आणि मनाशी ठरवायचं की यातलं काय सोडून द्यायचं. मग पेनं परत.

मुलांना ते फार जड जाई. हात मोकळे ठेवून बसणं त्यांना जमत नसे. कोणी नखं खाई, कोणी बोटाने बाकावर आकडेमोड करी. सर डब्यावर टिचकी मारून म्हणत, "येत नाही ते सोडायचं. आणि लाज वाटून घ्यायची नाही. आयुष्यात हेच एक शास्त्र आहे, बाकी सगळं पाठांतर."

नियम आल्यावर अभ्यासाइतकंच नियोजन महत्त्वाचं झालं, आणि नियोजन म्हटलं की पुण्यातल्या पालकांच्या अंगात येतं. जो तो तक्ते करायला लागला. पूर्वी बारावीच्या मुलाला 'अनुभवासाठी बसू दे' म्हणून बसवायची रीत होती. आता त्या अनुभवाला अर्धी शिदोरी जात होती. काहींना वाटे, या वर्षी बसलाच नाही तर ती संधी शिल्लक राहील. मी समजावून थकले. "अहो, ही तुमची अर्जित रजा नाही. साठत नाही. वापरली नाही तरी वर्षाबरोबर जाते." नोकरदार माणसांना हे लगेच कळायचं आणि पटायचं मात्र नाही.

हिंजवडीचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती होत्या आणि रोज सकाळी त्यांच्या गोठ्यासमोरून कंपन्यांच्या बसगाड्या जात. मुलगा अकरावीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं हुशार हाय मॅडम, निस्ती घाई हाय त्याला. दोन म्हंजी कमीच की. तिसऱ्यासाठी कोनाला भेटावं लागंल?"

सर शेजारून म्हणाले, "ज्यांनी पहिल्यांदा जन्माला घातलं त्यांनाच."

गृहस्थ खूप हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरची भाजी पाठवली, आणि मुलालाही.

आता वानखड्यांबद्दल. इथवर येईपर्यंत मी तीन वेळा उठले.

विशाखा वानखडे बिबवेवाडीहून यायची. तिचे वडील मूळचे वर्ध्याकडचे, पदविका घेऊन तरुणपणी पुण्यात आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नियोजन विभागात लागले. कोणत्या यंत्रावर कोणता माल कधी चढवायचा, हे ठरवणं त्यांचं काम. पदवी घ्यायची राहिली, ही गोष्ट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती. मुलीचं ते राहू द्यायचं नव्हतं.

मुलगी कमी बोलणारी होती. शनिवारी डबा फिरायचा तेव्हा पेन टाकून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसणारी वर्गात ती एकटी. रसायनशास्त्र तिला मनापासून आवडे. भौतिकशास्त्र कच्चं होतं, आणि बारावीच्या दिवाळीत तिला कावीळ झाली. ती परत आली तेव्हा भौतिकशास्त्राचा मोठा भाग वर्गात होऊन गेला होता. बोर्डाची परीक्षा मार्चच्या आसपास, जेईई एप्रिलात. बोर्ड तिला जमण्यासारखं होतं. जेईई जमण्यासारखी नव्हती, हे आम्हाला दिसत होतं. म्हणजे तिच्या दोन संधींपैकी पहिली वाया जाणार, आणि सगळा भार दुसरीवर येणार.

बोर्डाचे पेपर सुरू झाले होते. त्या दिवशी रसायनशास्त्राचा पेपर होता. आमच्याकडे तास नव्हते. सर चाचण्या तपासत होते, मी पुढच्या महिन्याचं वेळापत्रक करत होते. पेपरला तासभर असेल आणि विशाखा जिना चढून आली. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात, दप्तर खांद्यावर. शेवटच्या बाकावर बसली आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय वानखडे, सेंटर बदललं वाटतं? रसायनशास्त्राचा पेपर आमच्याकडे आहे, मला कोणी कळवलं नाही."

"नाही सर."

"मग?"

"मला रोटेशनचा धडा करायचाय." ती पुस्तकात बघत म्हणाली. "बाबा सांगतील. ते गाडी लावतायत."

वानखडे वर आले. घाम पुसला, नमस्कार केला. ते भांडायला आले नव्हते, सांगायला आले होते. "सर, मी तुम्हाला समजावून सांगतो न." आणि त्यांनी सांगितलं. नियम बारावी पास झाल्याचं वर्ष धरतो. रसायनशास्त्राचा एक पेपर दिला नाही की मुलगी या वर्षी पास होत नाही. पुढच्या मार्चमध्ये तेवढा एक पेपर द्यायचा. मग तिचं बारावीचं वर्ष ते धरलं जाईल, आणि दोन्ही संधी शाबूत राहतील. या एप्रिलात बसायचंच नाही. तयारीला पूर्ण वर्ष, वर आणखी एक वर्ष हाताशी. "मी तीन महिने याच्यावर विचार केला आहे. नियोजन हेच माझं काम आहे, सर. कोणाच्या सांगण्यावरून नाही करत."

आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. पुढे काही वर्षांनी नियमाची भाषा बदलली, पास झाल्याचं नव्हे तर बारावीला पहिल्यांदा बसल्याचं वर्ष धरलं जाऊ लागलं आणि ही वाट बंद झाली. पण तेव्हा ती उघडी होती. दुसऱ्या क्लासांतली मुलं तिने गेलीही.

सर म्हणाले, "हिशेब बरोबर आहे तुमचा."

वानखड्यांचा चेहरा सैल झाला.

"पण पेपर सोडायचा नाही."

"का म्हणून?"

"तिला येतोय."

"सर, येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही इथे. इथे प्रश्न संधीचा आहे."

"माझ्यापुरता तोच प्रश्न आहे."

वानखडे उभे राहिले. आवाज चढला आणि त्यांची तिकडची बोली वर आली. "दर शनिवारी पोरांची पेनं काढून घेता तुम्ही. सोडा म्हणता, सोडायला शिका म्हणता. माझी पोरगी घरी येऊन तेच सांगते. अन् आज मी सोडतो म्हणतो तर तुम्ही काहून अडवता?"

खालचे ठोके त्या क्षणी का कोण जाणे थांबले होते. सर टेबलावरच्या डब्याकडे बघत म्हणाले, "येत नाही ते सोडायचं, असं शिकवतो मी. येतं ते सोडायचं, असं कधी शिकवलं नाही. आणि मला ते शिकवता येणार नाही."

"मुलगी माझी आहे."

"मग तिलाच विचारा."

आम्ही तिघांनीही शेवटच्या बाकाकडे पाहिलं. विशाखा उभी राहिली. "सर म्हणतील तसं," ती म्हणाली.

वानखडे खाली बसले. आपल्या पोरीने आपल्यासमोर दुसऱ्याचं नाव घ्यावं, हे त्यांना लागलं, आणि ते मला दिसलं. सरांना दिसलं की नाही, कोण जाणे. ते घड्याळ बघत होते.

"हॉल तिकीट?"

तिने दप्तरात हात घातला आणि लगेच काढून दाखवलं.

सेंटर पेठेतल्याच एका शाळेत होतं. सरांनी चपला घातल्या आणि ते तिला घेऊन गल्लीतून चालत गेले. गाडी काढण्यात वेळ गेला असता. मी आणि वानखडे वर बसून राहिलो. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. ते म्हणाले, "एक गेली, मॅडम." सर परत येईपर्यंत ते थांबले नाहीत.

त्यानंतर विशाखा आमच्याकडे आली नाही. वडिलांनी तिला दुसऱ्या क्लासला घातलं. ती बोर्डात चांगल्या गुणांनी पास झाली. एप्रिलातली पहिली संधी, आम्हाला वाटलं होतं तशीच, गेली. राज्याच्या सीईटीतून त्याच वर्षी प्रवेश मिळत होता, पण वानखड्यांनी ड्रॉप घ्यायला लावला. पुढच्या एप्रिलात दुसरी संधी. निकालाच्या दिवशी सर सायबर कॅफेत जाऊन आले. तिचा नंबर कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. यादीत ती नव्हती, आणि थोडक्यात नव्हती.

वडिलांचा बेत पार पडला असता, तर ही तिची पहिलीच संधी ठरली असती आणि पुढचं वर्ष तिच्या हातात असतं.

सर त्या दिवशी फार बोलले नाहीत. शनिवारी नेहमीसारखा डबा फिरवला. एका नव्या मुलीने विचारलं, "सर, एखादा प्रश्न येतोय, पण सोडल्यानेच फायदा आहे, असं असलं तर?" सर डबा हातात धरून तिच्या बाकापाशी उभे राहिले. मी दारातून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "माहीत नाही." वर्ग हसला, मुलांना वाटलं सरांचा नेहमीचा तिरकसपणा.

मग हे दरवर्षीचं झालं. मार्च आला की एखाद्या दिवशी, तास संपवून फळा पुसताना, ते म्हणत, "देवधर बाई, हिशेबाने वानखडे बरोबर होते ना?"

"हिशेबाने, हो."

"मग?"

मी म्हणे, अहो, तिचं झालं की चांगलं. राज्याच्या कॉलेजात गेली, नोकरी लागली असेल. ते म्हणत, "तो प्रश्न नाही." एकदा ते बिबवेवाडीला जाऊन आले. इमारत शोधली, खाली वाण्याकडे चौकशी केली, मुलगी हिंजवडीला असते कळलं, आणि जिना न चढता परत आले. मला हे त्यांनी भाजीच्या भावाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, वर जायचं होतं. "आणि काय म्हणणार होतो? माझा विषय होता म्हणून मला बघवलं नाही, असं? माझ्या विषयाच्या प्रेमापायी मी तुमच्या मुलीचं वर्ष घेतलं, असं?" मग पिशवी उचलून खाली गेले. ठोक्यांमध्ये त्यांच्या पावलांचा आवाज आला नाही.

आमच्यासारखे क्लास हळूहळू मोठ्या क्लासांनी खाल्ले. बाहेरच्या राज्यांतून आलेले, वातानुकूलित, काचेचं दार असलेले. तिथे शांतता विकत मिळत होती. आम्ही काही वर्षं रेटलं आणि मग बंद केलं.

सर आजारी पडले त्या वर्षी मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवत असे. एके दिवशी त्यात बातमी होती की जेईईला आता तीनदा बसता येईल. मी वाचलं. सर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपले. मग त्यांनी विचारलं, "मागच्यांना लागू आहे का?"

मी म्हटलं, "एका वर्षापुरतं आहे, वाटतं."

"नीट वाचा."

मी नीट वाचलं. मागे इतकं लांब काही जात नव्हतं. काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतल्याची बातमी आली. ती मी त्यांना वाचून दाखवली नाही.

सर गेल्यावर जुन्या मुलांच्या ग्रुपवर निरोप फिरला. बरेच जण सरांच्या भावाकडे जाऊन आले. दोन-तीन आठवड्यांनी संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात एक बाई उभी होती, पाठीवर लॅपटॉपची सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड. कंपनीच्या बसमधून उतरून सरळ आली होती. मी ओळखलं नाही. ती हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसताच ओळखलं.

आम्ही सरांबद्दल बोललो. मिलिंदकाकांबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी क्लासला का आले असेन, असं वाटलं तुम्हाला?"

"रोटेशन करायला."

"रोटेशन घरीही झालं असतं. बाबा घरीच बस म्हणत होते. मीच म्हटलं, क्लासला सोडा, तिथे शांतपणे होईल."

"तिथे? शांतपणे?"

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला ते गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र आठवलं. दप्तरातून लगेच निघालेलं हॉल तिकीट आठवलं. ज्या मुलीला पेपरला जायचंच नव्हतं, तिच्या दप्तरात ते कशाला असेल?

"मला पेपर द्यायचा होता," विशाखा म्हणाली. "अ‍ॅक्च्युअली बाकी कशापेक्षा तोच द्यायचा होता. मला तो येत होता. पण घरात बोलायची हिंमत नव्हती. बाबा कितीतरी दिवस त्या प्लॅनवर बसलेले. मला एवढंच माहीत होतं की केमिस्ट्रीचा पेपर सोडलेला सरांना बघवणार नाही. म्हणून आले. वाटेत सारखं मनात, सर आज नसले तर? आणि जिन्यातून दिसले, तपासत बसलेले."

"हे तू सरांना सांगितलं नाहीस."

"नाही."

"कधीच?"

"सर लगेच बाबांना सांगायला गेले असते. तसेच होते ना ते." तिने गळ्यातलं कार्ड काढून सॅकमध्ये ठेवलं. "बाबा अजून म्हणतात, त्या मास्तरांनी आपली एक संधी खाल्ली. लग्नात म्हणाले, माझ्या मुलीच्या बारशाला म्हणाले. मी म्हणू देते. सरांवर राग होता म्हणून ते माझ्याशी बोलत राहिले, मॅडम. नाहीतर मी त्यांना तोंड कसं दाखवलं असतं?"

मी चहा ठेवायला उठले. मला तिचा राग आला होता, आणि ती अठरा वर्षांची होती हेही मला दिसत होतं. बिबवेवाडीचा तो न चढलेला जिना डोळ्यांपुढे आला. दर मार्चमधलं ते 'मग?' ऐकू आलं. चहात मी साखर दोनदा घातली. ती काही न बोलता प्यायली.

जाताना दारात म्हणाली, "सरांना वाईट वाटलं होतं का हो, बाबा तसे निघून गेले त्याचं?"

मी म्हटलं, "सर कशाला वाईट वाटून घेतील? तुला पेपर येत होता."

तिने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. खाली रिक्षा मिळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते.

आता क्लासच्या जागेत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. खालचे ठोके चालू आहेत. डबा माझ्याकडे आहे; मुलं न्यायला विसरली ती पेनं त्यात आहेत आणि बहुतेकांची शाई वाळली आहे. वानखडे बिबवेवाडीतच राहतात आणि त्यांना काही माहीत नाही. नियम दोनचाच आहे.